धागा : कुसळ, मुसळ आणि रात्री साडेअकराला वाजलेलं दार

तुकोगंजवाली

नमस्कार मंडळी. आजवर इथं फक्त पोह्यांच्या आणि गराडूच्या धाग्यांवर हजेरी लावली. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही शास्त्रावरचा, म्हणजे बायबलावरचा, तेव्हा सांभाळून घ्या.

आमचं घर मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडचे. कॅनडाच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदुरात आले नि इथलेच झाले. उपासना हिंदीत, बाजारात माळवी, पण घरात शास्त्र वाचायचं ते मराठीतूनच, असा आईचा दंडक होता. तो मी अजून पाळते.

आमच्या बायकांच्या प्रार्थना सभेत सध्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय चालू आहे, आणि पुढच्या बुधवारी शास्त्रभाग समजावून सांगायची पाळी माझ्यावर आलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा हा शेवटचा भाग. पहिली पाच वचनं दोष काढण्याबद्दल : तुमचे दोष काढले जाऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे काढू नका, ज्या मापानं द्याल त्याच मापानं तुम्हाला मिळेल, आणि ते कुसळ-मुसळ, जे सगळ्यांनाच माहीत असतं. सहाव्या वचनात एकदम कुत्री आणि डुकरं येतात : पवित्र वस्तू कुत्र्यांना घालू नका, मोती डुकरांपुढे टाकू नका. आणि सातव्यापासून मागा, शोधा, ठोका. मुलानं भाकर मागितली तर बाप दगड देईल का, मासा मागितला तर साप देईल का, वगैरे.

माझा प्रश्न असा की या तीन गोष्टी शेजारी-शेजारी का? आमचे पाळकसाहेब म्हणाले, प्रभू वेगवेगळ्या वेळी बोलले असतील, मत्तयानं एका जागी आणून ठेवलं. असेल. पण बाई घर आवरतानासुद्धा बशीशेजारी कप ठेवते, चप्पल ठेवत नाही. मत्तय तर जकात नाक्यावर बसून हिशोब लिहिणारा माणूस.

हा झाला सभेचा प्रश्न. आता खरं कारण.

माझा धाकटा भाऊ पितो. आज नाही, पंचवीस वर्षं झाली. आई होती तोवर ती रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि तो घरी येईपर्यंत दाराला कडी घालायची नाही, नुसतं लोटून ठेवायची. कालनिर्णयवर दुधाच्या खुणेशेजारी एक बारीक फुली असायची. तो धड पायांनी घरी आला त्या रात्रीची ती फुली. काही महिन्यांत दोन-तीनच फुल्या. आईला जाऊन दोन वर्षं झाली. ती गेल्यावर तो वेगळा राहायला गेला, आणि मी कडी घालायला लागले.

जुलैत एका रात्री साडेअकराला दार वाजलं. बाहेर धो-धो पाऊस. ठोकण्यावरूनच कळलं मला : दोनदा, थांबून एकदा. मी दारामागे जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "ताई, पाचशे दे ना गं." आवाज जड होता. मी उघडलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पावलं जिना उतरून गेली.

माझा अंदाज चुकला असता, म्हणजे तो शुद्धीत असता, आजारी असता, तर मी रडून, माफी मागून मोकळी झाले असते. पण अंदाज बरोबर होता. प्यायलेला होता आणि पैसेच हवे होते. तरी त्या रात्रीपासून झोप नीट लागत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी सभेनंतर कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलणं निघालं तर त्यात सगळ्यात पुढे मी!

बुधवारी या अध्यायावर मी काय बोलू?

शीगभर

ताई, मी ख्रिस्ती नाही. छावणीतला धान्यवाला. पण मापाचं वचन आलंय तर आमच्या धंद्याचं बोलतो.

आता सगळे काटे आले. पण आजोबांच्या काळात मापटी चालायची, आणि बाजारात एक कुजबूज कायम असायची की अमक्याच्या दुकानात मापटी दोन : शेतकऱ्याकडून घेताना एक, गिऱ्हाइकाला देताना दुसरं. घ्यायचं ते जरा पोटात फुगलेलं, द्यायचं ते जरा चेपलेलं. बाहेरून दोन्ही सारखी. मला ते वचन वाचून हेच आठवलं. मी प्यायलेल्याला झापतो तेव्हा एक मापटं काढतो, आणि स्वतः मुनीमावर विनाकारण भडकतो तेव्हा दुसरं काढतो : "अरे, दिवसभर उन्हात होतो ना." तुमचा येशू म्हणतोय की मापटं एकच ठेव, आणि लक्षात ठेव की तुलाही त्यातूनच मिळणार आहे. व्यापाऱ्याला याहून सोपं कोण सांगणार?

तुमच्या शास्त्रात शिगेचाही उल्लेख आहे ना? एका गिऱ्हाइकानं सांगितला होता. दाबून, हालवून, शीग भरून. आमचे आजोबा शेवटची मूठ वर सोडायचे आणि म्हणायचे, "ही हिशोबात नाही."

तुकोगंजवाली

@शीगभर, हो, लूकाच्या शुभवर्तमानात, ६:३८. तुम्ही सभेत याल का माझ्याऐवजी बोलायला?

नास्तिक_नाना

रामबागेतून नानांचा नमस्कार. ताई, मनापासून विचारतो, राग मानू नका. "ठोका म्हणजे उघडलं जाईल." तुमच्या मातोश्रींनी पंचवीस वर्षं ठोकलं. उघडलं? कालनिर्णयवर महिन्याला दोन फुल्या, हा तर निव्वळ योगायोगाचा दर झाला. एखाद्या डॉक्टरनं पंचवीस वर्षं तेच औषध दिलं असतं आणि हा निकाल आला असता, तर आपण डॉक्टर बदलला असता.

आणि ज्यांचं उघडतं ते साक्ष द्यायला उभे राहतात. ज्यांचं उघडत नाही ते मागच्या बाकावर गप्प. म्हणून सगळ्यांना वाटतं की सगळ्यांचंच उघडतं.

बाकी दोष काढू नका हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्याला देव लागत नाही.

स्पष्टवक्ता

तुम्ही दार उघडलं नाही हे योग्यच केलं. असल्या माणसाला उंबऱ्यावर उभं करू नये. पण एक स्पष्ट बोलतो. तुमच्या लोकांत दारू चालतेच ना? मग घरात मुलं पिणार नाहीत तर काय. मुळात

*(या प्रतिसादाचा पुढचा भाग संपादकांनी काढला आहे. व्यक्तीवर आणि समाजावर घसरू नये.)*

पोहे_जिलबी

अरे व्वा. कुसळावरचा धागा आहे म्हणून मुसळ स्वतःच्या पायांनी चालत आलं.

तुकोगंजवाली

जाऊ दे हो. माझ्या आजोबांना कोणी विलायती डॉक्टरनं आग्रह केला तरी ते चहाच प्यायचे, तोही दोनच कप. पण मला राग आला त्या प्रतिसादाचा, आणि मग लक्षात आलं की सुनेबद्दल मी जे बोलले ते याच सुरातलं होतं. "मुळात त्यांच्या घरातच" अशीच माझी सुरुवात होती.

अल्फा_ओमेगा

ताई, मी मूळचा जुन्या इंदूरचा, आता पुण्यात धर्मशास्त्र शिकतो. ग्रीक अजून कच्चं आहे, पण जेवढं पक्कं आहे तेवढं लिहितो. लांबण लागेल.

आधी शब्द. "दोष काढू नका" इथे मुळात क्रिनो हे क्रियापद आहे. त्याचा जुना अर्थ वेगळं करणं, चाळणं, निवडणं, आणि त्यावरूनच निवाडा देणं. मराठीत निवडणं आणि निवाडा कानाला किती जवळचे लागतात बघा. सुपात तांदूळ घेऊन खडे बाजूला काढणं हे वाईट काम नाही, ते तर रोज करावंच लागतं. हिंदी बायबल म्हणतं "दोष मत लगाओ", आपलं मराठी म्हणतं "दोष काढू नका". लावणं आणि काढणं. मला दोन्ही मिळून चित्र पूर्ण वाटतं : आधी शोधून काढायचा आणि मग माणसाला चिकटवून टाकायचा.

कुसळाला मुळात कार्फोस आहे, म्हणजे वाळकी काडी, भुसकट. मुसळाला डोकोस, म्हणजे छपराची तुळई. मराठीत कुसळ-मुसळ असं झकास जुळलं, पण मूळ चित्र घर बांधणाऱ्याचं आहे. बोलणारा सुताराच्या घरातला. तुळई खांद्यावर घेताना भुसा डोळ्यात जाणं हा त्याच्या रोजच्या कामातला प्रकार असणार. विनोद म्हणूनच घ्या तो : डोळ्यातून तुळई बाहेर आलेला माणूस दुसऱ्याच्या डोळ्यावर वाकलाय, आणि त्याच्या तुळईचा तडाखा समोरच्याच्या कपाळात बसतोय. लोक तेव्हा हसले असतील.

आणि पाचवं वचन सगळे विसरतात. तिथं म्हटलंय की आधी आपलं मुसळ काढ, मग तुला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे कुसळ राहू द्यायचं नाहीये. ते खुपतंच. योहान ७:२४ मध्ये तोच येशू म्हणतो की तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा.

आता तुमचा शेजाराचा प्रश्न. मी काल रात्री बसून शोधलं, आणि मला वाटतं मत्तयाचा शेजार अपघाती नाही. कारण हीच दोन बिऱ्हाडं इतरत्रही एकाच वाड्यात सापडतात.

लूकाचा अठरावा अध्याय घ्या. पहिली आठ वचनं चिकाटीच्या प्रार्थनेची : एक विधवा आणि एक न्यायाधीश, जो देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही. ती रोज येऊन डोकं खाते, शेवटी तो कंटाळून न्याय देतो. लगेच नवव्या वचनापासून परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार. दोघं मंदिरात प्रार्थनेला गेलेत, आणि परुशी प्रार्थनेत काय बोलतो? "मी या जकातदारासारखा नाही." दुसऱ्याचं कुसळ देवाला दाखवतो.

मग मार्क ११. चोविसाव्या वचनात, प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. पंचविसाव्यात लगेच, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही मनात असेल तर क्षमा करा. आणि प्रभूची प्रार्थना तर रोजचीच : भाकर मागायची आणि त्याच दमात ऋणी माणसाला सोडायचं.

इतक्या ठिकाणी एकत्र. माझ्या मते याचं कारण साधं आहे. मागणारा आणि निवाडा देणारा या दोन खुर्च्या एका माणसाला एकदम बसायला मिळत नाहीत. न्यायाधीश बसलेला असतो, ठोकणारा दाराबाहेर उभा.

नास्तिक_नाना

वा अल्फा, हे आवडलं. पण माझ्या प्रश्नाला बगल दिलीत. उघडलं का?

अल्फा_ओमेगा

बगल नाही नाना, धाप लागली होती.

"मागा, शोधा, ठोका" ही ग्रीकमध्ये चालू काळातली आज्ञा आहे. मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा, असा तिचा रोख. एकदा ठोकून बघायचं यंत्र ते नव्हे. आणि उघडतंच असा दावा करणाऱ्यांना त्याच पुस्तकात दोन मोठे अपवाद भेटतात. प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही (२ करिंथ १२). आणि खुद्द येशूनं क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तीनदा तीच प्रार्थना केली, हा दुःखाचा प्याला टळो म्हणून. टळला नाही. मागच्या बाकावर गप्प बसलेल्यांत तो स्वतःही आहे, नाना. यापुढे मला सांगता येत नाही. येत असतं तर परीक्षेत बरे गुण पडले असते.

नास्तिक_नाना

प्रामाणिक उत्तर. पटलं नाही, पण चहा पाजीन.

सराफा_रात्री_एक

अवांतर : तो लूकातला अर्ध्या रात्रीचा मित्र आठवला. पाहुणा आला, घरात भाकर नाही, म्हणून हा दुसऱ्याचं दार बडवतो. आतला म्हणतो दार लावलंय, मुलं माझ्याजवळ निजलीत, उठवू नको. इंदुरात हा दाखला घडलाच नसता. सरळ सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेला असता, भाकर काय, साबुदाण्याची खिचडी आणि जिलबी घेऊन परत.

माळव्यातला_माळकरी

सराफा भिया, हसलो. पण त्या गोष्टीतली एक गंमत सांगतो. तो स्वतःसाठी मागतच नाहीये. पाहुण्यासाठी मागतोय. ताईंच्या मातोश्रीही तेच करत होत्या.

मी पंढरीनाथाच्या देवळात भजनाला बसणारा माणूस. आमच्याकडे वारीत एक रीत आहे. समोर आला तो वारकरी, तुम्ही त्याच्या पाया पडायचं, तो तुमच्या पडतो. वय, जात, काल काय केलं, काही विचारायचं नाही. पहिल्या वर्षी मला फार अवघड गेलं. आमच्याच दिंडीत एक जण होता, गावातला नामचीन. त्याच्या पायाला हात लावायचा? पण वाकल्यावर एक होतं. वाकलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही, पायच दिसतात. त्याच्या टाचांना माझ्यासारख्याच भेगा होत्या.

नाना, उघडलं का मला माहीत नाही. पण पंचवीस वर्षं त्या माउलीनं कडी घातली नाही. रोज मागणाऱ्यानं स्वतःचं दार लावून घेतलं नाही, एवढं तरी दिसतंय.

नास्तिक_नाना

याला उत्तर नाही माझ्याकडे. गप्प बसतो.

उशिरा_जागी

मी फार लिहीत नाही, पण हा धागा सोडवेना. माझ्या नवऱ्याची अकरा वर्षं अशीच गेली. तेव्हा वरचे सगळे सुंदर प्रतिसाद वाचूनही मला थोडी धास्ती वाटतेय की ताई आता "दोष काढायचा नाही" म्हणून पाचशेची नोट काढून ठेवतील. तसं करू नका.

मला मदत झाली ती व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी जे अल-अनॉनचे गट चालतात तिथं. त्यांचीही बारा पायऱ्यांचीच वाट, दारू सोडणाऱ्यांसारखी. चौथी पायरी काय आहे माहितेय? स्वतःचा न घाबरता, कसून हिशोब मांडायचा. नवऱ्याचा नाही, माझा. मी तिथं वही घेऊन गेले होते त्याचे गुन्हे सांगायला! तारीखवार लिहिलेले. मोठ्या मुसळाची वही.

हिशोबात निघालं ते असं. मी त्याच्या ऑफिसात खोटं सांगायचे की ताप आहे. मी त्याची उधारी गुपचूप फेडायचे. आणि मग दिवसभर मनातल्या मनात त्याचा निकाल लावायचे. म्हणजे हातानं सांभाळायचं आणि डोळ्यांनी फाशी द्यायची. आता उलटं करायला शिकले : हातानं पैसे द्यायचे नाहीत, आणि डोळ्यांनी माणूस बघायचा.

मला सहाव्या वचनाची डुकरं इथे कामाची वाटली. त्यांना मोती टाकू नका म्हणजे त्यांना हाकलून मारा असं कुठे म्हटलंय? डुकराला मोती चावत नाही, एवढंच. भुकेल्या जनावराला खायला हवं असतं. प्यायलेल्या माणसाला रात्री साडेअकराला पाचशे रुपये देणं आणि उपदेश देणं, दोन्ही मोतीच. वाया जाणारे. दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-भात, तो कामाचा.

नवरा आता चार वर्षं पीत नाही. पण मी हे त्यासाठी सांगत नाहीये. नानांचं बरोबर आहे, साक्ष देणारेच दिसतात. आमच्या गटातल्या दोघींचे नवरे गेले त्यातच. त्या अजून येतात.

शीगभर

दंडवत.

तुकोगंजवाली

@उशिरा_जागी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. "हातानं सांभाळायचं आणि डोळ्यांनी फाशी द्यायची." मी तर डोळ्यांनीच दिली आणि हातानं कडीही घातली. आईचं मात्र आता वेगळं दिसतंय. ती दार उघडं ठेवायची, पण पैसे कधीच द्यायची नाही. एकदाही नाही. मला वाटायचं तिच्याकडे नसतात म्हणून.

व्हाइट_चर्च_समोर

उशिरा आलो. इंदूरचा धागा आणि राणी मारियांचा विषय अजून कोणी काढला नाही?

तरुण मंडळींसाठी : सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करायच्या, आदिवासी आणि कर्जात बुडालेल्या शेतमजुरांमध्ये. सावकारीच्या पाशातून लोक सुटायला लागले ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, सगळ्या प्रवाशांदेखत, सुपारी दिलेल्या माणसानं त्यांना भोसकलं. पन्नासहून जास्त वार. तेव्हा मी विशीत होतो, शहरात दुसरा विषय नव्हता.

त्या माणसाला जन्मठेप झाली. तो तुरुंगात सूडानं धुमसत होता, ज्यांनी त्याला पुढे केलं त्यांच्यावर. आणि २००२ मध्ये राखीच्या सुमारास राणी मारियांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच आहेत, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनंही त्याला माफ केलं. २००६ मध्ये तो सुटला, आणि त्या घरानं त्याला आपला मानलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा हजारोंची गर्दी होती.

मी हे क्षमेचं कौतुक म्हणून सांगत नाही, ते सगळेच सांगतात. मला त्यातली सात वर्षं महत्त्वाची वाटतात. ९५ ते २००२. एका रात्रीत राखी घेऊन कोणी जात नाही. त्या सात वर्षांत त्या बहिणीनं काय-काय मागितलं असेल, किती वेळा नकोसं झालं असेल, ते कुठे छापून येत नाही. आणि कोर्टाचा निवाडा कोणी खोटा म्हटला नाही. त्यानं मारलं ते मारलंच. गुन्ह्याला गुन्हा म्हणूनही राखी बांधता येते, हे इंदुरात घडलंय.

पोहे_जिलबी

काटा आला. मी रोज त्याच रस्त्यानं जाते आणि इतकं माहीत नव्हतं.

स्पष्टवक्ता

माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल. संपादकांनी काढला ते ठीकच केलं. माझे वडील प्यायचे. एवढंच.

माळव्यातला_माळकरी

स्पष्टवक्ता दादा, रामकृष्णहरी. या कधी भजनाला.

अल्फा_ओमेगा

ताई, बुधवारसाठी एक गोष्ट देतो, हवी तर वापरा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात स्केटिस नावाच्या जागी साधू राहायचे. त्यातले एक अब्बा मोशे. आधीचे दरोडेखोर. एका बंधूकडून काही चूक झाली, म्हणून बाकीच्यांनी पंचायत बसवली आणि मोशेंना बोलावणं धाडलं. ते येईनात. पुन्हा निरोप गेला, तेव्हा आले, पण पाठीवर एक गळकं मडकं घेऊन. मागे पाण्याची धार. लोकांनी विचारलं, हे काय बाबा? म्हणाले, माझी पापं माझ्या मागे अशी गळताहेत, मला दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याचा निवाडा करायला आलोय. पंचायत तिथेच उठली. त्या बंधूला कोणी काही बोललं नाही.

अजून एक, आपल्या मराठीतलं. रेव्हरंड टिळकांना, म्हणजे ना. वा. टिळकांना, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला होता. ते ज्या पानांवर अडकून पडले ती हीच, डोंगरावरच्या प्रवचनाची. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लोकांनी त्यांचे दोष काढायचे बाकी ठेवले नव्हते. तुमच्या सभेतल्या नगरकडच्या आज्यांना हे सांगा, खूश होतील.

तुकोगंजवाली

मंडळी, बुधवार पार पडला. थोडक्यात लिहिते, कारण सभेचं फार काही सांगण्यासारखं नाही.

गळकं मडकं सांगितलं. शीगभर यांची दोन मापटी सांगितली, तेव्हा एक आजी जोरात म्हणाल्या, "आमच्याकडे तीन होती." लूक आणि मार्कचा शेजार सांगितला, तोवर दोघी पेंगल्या होत्या. मग ठरवलं नव्हतं तरी दाराची गोष्ट सांगून टाकली, सुनेबद्दल बोलले त्याचीही. ती सून ज्यांची, त्या समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी मात्र माझ्या बशीत न विचारता एक जादा बिस्किट ठेवलं.

नाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. सभेत एकीनं तोच विचारला, शब्दही जवळजवळ तुमचेच. मी म्हटलं, माहीत नाही, मीही अजून बाहेरच उभी आहे.

नास्तिक_नाना

एवढंच हवं होतं.

उशिरा_जागी

आणि भाऊ?

तुकोगंजवाली

सांगते. तुमच्या वरण-भातावरून धीर केला. फोन केला त्याला. म्हटलं, पैसे देणार नाही, रात्री नऊनंतर दार उघडणार नाही, पण रविवारी दुपारी जेवायला ये. तो म्हणाला, "बघतो." आईलाही असंच म्हणायचा.

पहिल्या रविवारी आला नाही. ताट झाकून ठेवलं, संध्याकाळी मीच खाल्लं. खाताना मनात निकालपत्र तयार होत होतं, मुद्देसूद, आठ-नऊ कलमं. प्रार्थनेला बसले तर तीच कलमं देवाला वाचून दाखवायला लागले, म्हणजे मंदिरातला परुशीच झाला माझा. मग नुसतं त्याचं नाव घेतलं आणि उठले. त्यापुढे काही जमेना.

काल आला. अंघोळ करून, भांग पाडून. वास होता, थोडा. भुट्ट्याचा कीस केला होता, आईच्या पद्धतीनं, दूध घालून आटवलेला. दोनदा घेतला. आईच्या बायबलात कालनिर्णयचं एक जुनं पान घडी घालून ठेवलेलं आहे, ते त्याला दाखवलं. फुल्या बघून म्हणाला, "ह्या काय, गॅसच्या सिलेंडरच्या?" मी सांगितलं कशाच्या. तो बराच वेळ पान बघत राहिला. मग बोटानं मोजल्या. "तीन," म्हणाला, आणि पुढे, "एक चुकीची आहे. एकवीस तारखेला मी प्यायलो होतो, तिला कळलं नव्हतं."

निघताना पैसे मागितले. नाही म्हटलं. रागावला, पण जिन्यात थांबला, म्हणून उरलेला कीस स्टीलच्या डब्यात भरून दिला. आईचा डबा, तिचं नाव कोरलेला. दिल्यावर चुटपुट लागली, कारण त्याच्याकडे गेलेलं भांडं कधी परत येत नाही. तो मागायला आता मलाच जावं लागेल बहुतेक. दुसरा मजला, डावीकडचं दार. म्हणाला, बेल बिघडलेली आहे.